तळ आणि तळं : नांदेड-लातूरच्या मुक्कामांचा इतिहास



आजचा विषय कळल्यावर काहींनी मला विचारलं, की तलावाकाठी तंबू ठोकून एक रात्र काढायची, यात इतिहास तो काय? शनिवारी गाडी काढायची, कंधारला नाहीतर सहस्रकुंडाला जायचं, चूल मांडायची, चांदणं बघायचं आणि रविवारी दुपारी घरी. ही तर अलीकडची हौस.

हौस अलीकडची असेल, मुक्काम मात्र फार जुना आहे. आपली भाषाच त्याची साक्ष देते. फौज थांबली की आपण म्हणतो, 'तळ दिला'. पाहुणा हलेना झाला की म्हणतो, 'तळ ठोकून बसलाय'. पाणी साठवलं ते 'तळं'. आणि तेच पाणी संपत आलं की म्हणतो, 'तळ गाठला'. व्याकरणवाले सांगतील की तळ आणि तळं हे शब्द वेगवेगळ्या मुळांतून आलेत. मान्य आहे. पण आपल्या या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात ते कायम एकमेकांच्या शेजारी राहिलेत. जिथं तळं, तिथं तळ. मग पुढचा प्रश्न येतो, आणि आज मला त्यावरच बोलायचंय: तळ उठल्यावर तळ्याचं काय होतं?

सुरुवात जमिनीपासून करू. नांदेड आणि लातूरचा बराचसा भाग बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. बालाघाटाच्या डोंगररांगा, मधे पठार, आणि मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी, पैनगंगा, गोदावरी अशा नद्या. या खडकात पाणी सहज मुरत नाही आणि मुरलेलं फार साठत नाही. डोंगरातल्या थंड प्रदेशांत निसर्गानं केलेली सरोवरं असतात, तशी इथं जवळजवळ नाहीतच. म्हणजे आपण ज्या काठावर बसून फोटो काढतो, तो काठ कुणीतरी घातलेला बांध असतो. इथलं तळं हा माणसाच्या हातचा ऐवज आहे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकीचं व्याख्यान त्यावरच उभं आहे.

आता कंधारला जाऊ. मन्याडच्या खोऱ्यातलं हे गाव राष्ट्रकूटांच्या काळात मोठं नगर होतं. हे राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे एकाच घराण्यानं आजचे हे दोन्ही जिल्हे जोडलेले आहेत.

कंधारला तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला शिलालेख सापडला. त्यात 'जगत्तुंगसमुद्र' या तलावाचं नाव येतं. 'जगत्तुंग' हे तिसऱ्या गोविंदाचं बिरुद. त्याचं राज्य साधारण 793 ते 814 या काळातलं. तलावाचं नाव आजही तेच आहे. अकराशे वर्षं झाली, राजघराणी आली-गेली, लोकांची बोली बदलली, किल्ला बहमनी, निजामशाही, मोगल आणि निजाम यांच्या हातांतून गेला. पण त्या पाण्याला लोक जगत्तुंग समुद्रच म्हणतात. गंमत बघा, 'समुद्र' म्हणतात! ज्या मुलखात पाणी कमी, तिथं तळ्यालाही समुद्र म्हणण्याइतका मान असतो.

हे राजे एका जागी बसणारे नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांची दरबारं तंबूत भरायची. तिसऱ्या गोविंदानं उत्तरेच्या मोहिमेवरून परतताना आख्खा पावसाळा श्रीभवन इथं मुक्काम करून काढला, आणि अमोघवर्षाचा जन्म त्याच मुक्कामात झाला, असं ताम्रपटांवरून समजतं. तिसऱ्या कृष्णाचा कऱ्हाडचा ताम्रपट 959 सालचा. तो काढला तेव्हा राजाचा तळ कऱ्हाडला नव्हता, राजधानी मान्यखेटलाही नव्हता. तो होता दूर तमिळ मुलखात, मेलपाटी इथं. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग तळावर काढणाऱ्या या लोकांनी घरी परतल्यावर तळं बांधलं. तळावर पाण्याची किंमत कळते ना! तंबूचं कापड कुजून गेलं. तळं राहिलं.

कंधारहून उत्तरेला, किनवटच्या रानापलीकडे माहूर. इथला मुक्काम वेगळ्या जातीचा. रेणुकामाता, अनसूया आणि दत्तशिखर अशी तीन ठाणी डोंगरांवर, शेजारी रामगड किल्ला, आणि पायथ्याशी मातृतीर्थाचं तळं. दत्तात्रेयांची कल्पना आपल्याकडे कशी आहे? स्नान एका गावी, भिक्षा दुसऱ्या गावी आणि निद्रा माहूरला. देवसुद्धा रोज चालतो आणि रात्री मुक्कामाला माहूरला येतो! महानुभावांचं देवदेवेश्वराचं स्थान इथंच आहे, आणि त्या पंथात तर अटन, म्हणजे सतत फिरत राहणं, हा साधनेचाच भाग. साधकानं एका जागेचा मोह धरू नये, झाडाखाली राहावं आणि उठून पुढं जावं.

श्रावणात राखी पौर्णिमेच्या सुमारास माहूरला परिक्रमा असते. भिजलेल्या रानवाटांनी माणसं डोंगरांना फेरी घालतात, बाया डोक्यावर गाठोडी घेऊन चालतात. आज आपण ज्याला ट्रेक म्हणतो, त्याची ही आपल्या घरची आवृत्ती. मात्र यात एक शिस्त आहे. वाटेवरच्या पाण्याला 'तीर्थ' म्हटलं, की त्यात काय करायचं नाही हे वेगळं लिहावं लागत नाही. निदान पूर्वी लागत नव्हतं. आज तिथंही पाट्या लावाव्या लागतात, हे आपण कबूल करू.

आता फौजांकडे येऊ, कारण पाण्याचा सगळ्यात मोठा खर्च फौजेचा.

1708 साली बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत आला. त्याच्यासोबत गुरू गोबिंदसिंगजी होते. मोगल छावणी म्हणजे चालतं शहर. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात तो राही, आणि 'पेशखाना' म्हटला जाणारा दुसरा पुढच्या मुक्कामाला आधीच जाऊन उभा असे. हत्ती, घोडे, उंट, बैल, बाजारबुणगे, सगळ्यांना रोज पाणी. म्हणून ही लष्करं नदी धरून चालत. गोदावरीकाठचं नांदेड हा त्या वाटेवरचा टप्पा. बादशहा पुढं हैदराबादकडे गेला. गुरूजी नांदेडला राहिले. गोदेकाठी माधोदास बैरागी याचा मठ होता. गुरूजींच्या भेटीनंतर तोच बंदासिंग बहादूर झाला. 7 ऑक्टोबर 1708 रोजी गुरूजी इथंच ज्योतिज्योत समावले.

आज नांदेडला जाऊन विचारा, बादशहाची छावणी नेमकी कुठं होती? फारसं कुणी सांगणार नाही. पण नगीना घाट, बंदा घाट, शिकारघाट, संगतसाहिब ही नावं रिक्षावाल्यालाही पाठ आहेत. दोन तळ एकाच काठावर पडले. एकानं नदीचं पाणी घेतलं आणि गेला. दुसऱ्यानं काठ राखला, घाट बांधले, लंगर घातला. लोकांच्या स्मरणात कोण राहिलं ते आपण बघतोच.

फौजेला धान्य पुरवणारे बंजारे. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे चालायचे. शहाजहानच्या काळात वजीर आसफखानाच्या दक्षिण मोहिमेत राठोड घराण्यातल्या दोन नाईकांना ताम्रपट मिळाला, अशी परंपरा आहे. त्यात काय सवलत होती म्हणता? बाहेर पाणी मिळालं नाही तर घरातल्या रांजणातलं घ्यावं, आणि गवत मिळालं नाही तर छपराचं काढावं. आपण ही गोष्ट तांड्यांच्या रुबाबाची म्हणून ऐकतो. आता ती त्या घरातल्या बाईच्या बाजूनं ऐका. तिनं दोन कोसांवरून आणलेला हंडा त्या रांजणात होता. फौजेच्या बैलांसाठी तो रिकामा करायची परवानगी सरकारनं दिली. सत्तेचा तळ गावाजवळ पडला की गावाचं काय व्हायचं, हे त्या एका रांजणात दिसतं.

लातूर जिल्ह्यात उदगीर घ्या. 1760 सालच्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊ आणि निजाम यांच्या फौजा उदगीर ते औसा या पट्ट्यात एकमेकांना भिडल्या. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना मराठ्यांकडे होता. निजामाची फौज मोकळ्या रानात कोंडली गेली, आणि फेब्रुवारीत तह झाला. भाऊ तिथून परतूरला गेला, परतूरच्या मुक्कामावर उत्तरेच्या मोहिमेचा निर्णय झाला, आणि पुढं पानिपतावर त्याच फौजेची रसद तुटल्यावर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोंडी करणारा आणि कोंडीत सापडणारा, दोघांचंही नशीब दाणा-पाण्यावर.

औशाचा भुईकोट याच वाटेवर. तिथं एक विलक्षण बांधकाम आहे. जमिनीखाली मोठं दालन, आणि त्याचं छत म्हणजे वरच्या हौदाचा तळ. वर पाणी, खाली माणसं. सपाट मुलखातला किल्ला टिकायचा तर पाणी आतच हवं, आणि बांधणाऱ्यानं ते अक्षरशः डोक्यावर घेतलं.

राजे आणि फौजा पुरे झाल्या. आपल्या लोकांचा स्वतःचा मुक्काम कसा असतो, ते पाहू.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळ्यांचा बाजार. फडात लावणी, आखाड्यात कुस्ती, आणि माळरानभर पालं. भटक्या जमातींसाठी ही नुसती जत्रा नव्हती. वर्षभर पांगलेले नातलग इथं भेटायचे, सोयरिकी जुळायच्या, जातपंचायती बसायच्या. 1871 च्या इंग्रजी कायद्यानं कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. पाल टाकून राहणं हाच पुरावा! तो शिक्का कायद्यातून पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी. आज आपण दुकानातून तंबू आणतो आणि मिरवतो. त्याच माळावर पाल टाकणाऱ्या माणसाला गावानं हटकलेलं असतं. दोन्ही कापडांची किंमत सारखी नाही, हे तळ ठोकताना मनात असू द्यावं.

माळेगावला यात्रा सुरू झाली की दुसऱ्या दिवशी आपली येळवस, वेळ अमावस्या. इथं बसलेल्यांना सांगायला नको, पण दुसरीकडून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. ज्याला रान आहे तो रानात, ज्याला नाही तो मित्राच्या रानात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडून पूजा करायची, मग भज्जी, उंडे, खिचडा आणि मडक्यातलं आंबील. पण जेवायच्या आधी काय करतात? आंबील उभ्या पिकावर शिंपडतात. आधी रान जेवतं, मग माणूस. संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन रानाला फेरी घालतात आणि घरी येतात. कोप तिथंच मातीत मिसळून जाते. आपल्या मागे काहीही न ठेवता बाहेर दिवस कसा काढावा, याचं शिक्षण लातूरकराला घरीच मिळालेलं आहे.

यानंतर 'कॅम्प' हा शब्द. आपल्याकडे ऐंशी-नव्वदीतल्या माणसासमोर हा शब्द काढा, त्याला सहल आठवणार नाही. पैनगंगा ही तेव्हा सरहद्द होती. एका तीरावर निजामाचं संस्थान, दुसऱ्या तीरावर वऱ्हाड. 1947-48 मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी सरहद्दीला लागून कॅम्प उभारले. उमरखेडचा कॅम्प त्यांपैकीच. 30 जानेवारी 1948 रोजी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आलं. आज सहस्रकुंडाचा धबधबा नांदेडच्या बाजूनंही बघता येतो आणि यवतमाळच्या बाजूनंही. ज्या नदीचं पात्र ओलांडणं हा एकेकाळी राजद्रोह होता, तिच्या काठावर आपण निवांत उभे असतो.

आता जवळच्या काळात या. आज ज्या लहान तलावांवर पोरं सहलीला जातात, त्यांतले कितीतरी पाझर तलाव आहेत, आणि त्यांतले बरेच 1972 च्या दुष्काळानंतरच्या कामांतले. रान करपलं, विहिरी आटल्या, आणि माणसं दुष्काळी कामावर गेली. बायांनी पाट्या वाहिल्या, पोरं बांधाच्या सावलीत निजली, सुकडी खाऊन दिवस काढले. सोबत आणलेल्या चादरीचा आडोसा हाच तंबू. आपल्याकडच्या तलावकाठच्या मुक्कामांत हा सगळ्यात मोठा, आणि तो हौसेचा नव्हता.

पाझर तलावाला कालवा नसतो. त्याचं काम मुरायचं. पाणी बांधाखालून हळूहळू झिरपतं आणि खालच्या विहिरींना उतरतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, पाणी नुसतं पडून आहे. खालच्या विहिरीवर जो मोट धरत होता आणि आता मोटार लावतो, त्याला विचारा. तलावात गाळ भरला, काठावरचं प्लास्टिक आणि राख आत गेली, की मुरण्याच्या जागा बुजतात. वर तळं भरलेलं दिसतं आणि खाली विहीर कोरडी.

लातूरकराला तंबू म्हटलं की आणखी एक आठवण येते. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशी होऊन गेलेली, किल्लारी परिसरातली गावं झोपेत जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांनी तंबूत आणि पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्महिने काढले. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांना उघड्यावरची रात्र मजेची वाटेलच असं नाही. तेही आपलेच श्रोते आहेत.

आणि मग 2016. मांजरा धरणानं तळ गाठला. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. पुढं पन्नास वॅगन, पंचवीस लाख लिटर. जे गाव राष्ट्रकूट सम्राट मोठ्या अभिमानानं आपल्या बिरुदात मिरवायचे, त्या गावाला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. पाऊस कमी पडला हे खरं. पण आपण तळी राखली होती का, हा प्रश्न त्या रेल्वेच्या मागोमाग लातुरात उतरला आणि तो अजून इथंच आहे.

आपल्याकडे म्हण आहे, तळे राखी तो पाणी चाखी. आज ती आपण टोमणा म्हणून वापरतो. अधिकारी खातो, पुढारी खातो, असं म्हणताना. पण शब्द नीट ऐका. तळं राखणं हे काम होतं, आणि पाण्यावरचा हक्क त्या कामातून यायचा. बांधावरची झुडपं काढणं, गाळ उपसणं, सांडवा मोकळा ठेवणं. राखणं सोडलं आणि चाखणं तेवढं ठेवलं, तेव्हा म्हणीचा टोमणा झाला.

मग आपण तलावावर जायचंच नाही का? जरूर जावं. मी तर म्हणतो, पोरांना घेऊन जावं. ज्यानं तळं पाहिलंच नाही, तो ते राखणार कसा? कंधारचा किल्ला आणि जगत्तुंग समुद्र एका दिवसात बघून होतो. विष्णुपुरीला काळेश्वराच्या देवळाशेजारून जलाशय बघा. उदगीरजवळ हत्तीबेटाची टेकडी चढा. पैनगंगेच्या अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी घेऊन जा. पावसाळ्यात सहस्रकुंडाला खडकांवर उतरू नका, पाणी वरच्या अंगाला पडलेल्या पावसानं वाढतं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी.

आणि मुक्काम करायचाच तर काही साध्या गोष्टी. तंबू बांधावर ठोकू नये, खुंट्यांनी बांध पोखरतो. नाल्याच्या पात्रात तर मुळीच नको. भांडी तळ्यात घासू नयेत, पाणी भरून लांब नेऊन घासावीत. चुलीची राख थंड करून मातीत पुरावी. कचरा घरी आणावा. गावात आधी विचारावं, की हे तळं कुणी बांधलं, कधी बांधलं? एखादी आजी सांगेल, 'म्या पाट्या वाहिल्यात की ह्याच्यावर.' तेवढं ऐकलं की त्या काठावर बाटली टाकायला हात धजत नाही.

मी इतिहासाचा माणूस, मला नोंदी शोधायची सवय. कंधारच्या तलावाची नोंद दगडावर आहे, राजाच्या नावानं. 1972 च्या तलावांवर राबलेल्या बायांची नावं मात्र हजेरीपटावर होती, आणि ते पट कुठं राहिलेत? तेव्हा माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी ज्या तलावाकाठी मुक्काम कराल, त्या गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या कामाची हकीकत वहीत उतरवून आणा. कोण कामावर होतं, किती महिने काम चाललं, बांधाला दगड कुठून आणला. पुढचा अभ्यास त्यातूनच होईल, आणि ही माणसं फार दिवस थांबणार नाहीत.

आता प्रश्न असतील तर विचारा.